मागच्या फळीचं माप

भिलाईला लागून असलेल्या मोहन नगरात मी लहानाचा मोठा झालो आणि नोकरी करून आता इथेच निवृत्त झालो आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. शिवनाथ नदी जवळ आहे, पण आमच्या घरात तिचा संबंध नळाच्या पाण्यापुरता आणि पावसाळ्यातल्या पुरापुरता. तरीही आयुष्यभर यंत्रांची निवड करण्याचं जे काम मी केलं, ते मला शिकवलं मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमाराने. ते माझे सख्खे मामा. होडीसाठी छोटी आउटबोर्ड मोटर निवडताना ते जसे वागले, तेच माझं खरं शिक्षण. मामांच्या हयातीत हे त्यांना नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून आता लिहितो आहे.

बाबा मालवण तालुक्यातले. 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इकडे येऊ लागली. त्या लोंढ्यात बाबाही आले, ते इथलेच झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हाला घेऊन माहेरी निघायची. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. हावडा मेलने मुंबई, आणि तिथून रात्रभर एसटी. पहाटे मामांच्या पडवीत उतरलो की जाळ्याचा आणि सुक्या मासळीचा वास यायचा. आम्हा भावंडांना तो आधी नकोसा वाटे आणि दोन दिवसांनी आठवेनासा होई.

मामांची जुनी होडी दोन्ही टोकांना निमुळती, एका बाजूला उलांडी, शीड आणि वल्ही. वारा असला तर शीड, नसला तर हात. 1980च्या दशकात किनाऱ्यावर एकेकाच्या होडीला मागे मोटर दिसू लागली. केरळच्या किनाऱ्यावर ती आधीच मोठ्या प्रमाणात आली होती. मोटरवाला बांगड्याच्या थव्यावर आधी पोचायचा आणि बाजारातही आधी यायचा. मामांच्या मागे दोन मुलींची शिक्षणं होती. मोटर घ्यावी लागणार हे घरात सगळ्यांना कळलं होतं.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होतो. अश्वशक्ती, टॉर्क, टू-स्ट्रोक हे शब्द मला पाठ होते आणि त्यामुळे मोटरची निवड मीच करू शकतो, असं मला मनापासून वाटत होतं. मी मामांना म्हटलं, घ्यायचीच तर मोठी घ्या, पंधरा हॉर्सपॉवरची. मामांनी जाळं विणता विणता उत्तर दिलं, "पयली होडी मोज, मगे इंजिनाचा बोल."

मी होडी मोजली नाही. मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं.

मामांनी एक आख्खा हंगाम नुसतं पाहण्यात घालवला. ज्यांच्याकडे मोटर होती त्यांच्याकडे ते संध्याकाळी जाऊन बसत. किती जळतं, कुठे अडतं, बिघडली तर कोण दुरुस्त करतं, सुटा भाग किती दिवसांत मिळतो, असे त्यांचे प्रश्न असत. वेगाचा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी ऐकला नाही. देवबागला कर्ली नदीची खाडी समुद्राला मिळते, तिथे वाळूचा दांडा सरकत असतो. त्या तोंडावरून ज्यांची रोज ये-जा होती, त्यांच्याशी ते सर्वांत जास्त बोलले.

मग त्यांनी नवी होडी बांधायला घेतली. मागे मोटर बसवायला सपाट फळी हवी, ती जुन्या होडीला नव्हती. या फळीच्या उंचीवर मामा आणि सुतार यांचा दोन दिवस खल चालला. तेव्हा मला त्यातलं काही समजलं नाही. आता समजतं ते असं. आउटबोर्ड मोटरचा दांडा ठरावीक लांबीचा येतो. आखूड दांडा 15 इंची फळीसाठी, लांब दांडा 20 इंचीसाठी. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा इंचभर खाली राहावी लागते. दांडा आखूड पडला तर लाटेवर होडीची मागची बाजू उचलली की पंखा वरची हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. दांडा जास्त लांब असेल तर खाली नुसतं ओढत राहतं, आणि खाडीच्या तोंडावर वाळूत किंवा खडकाला लागतं. दुकानात जाऊन मोटर आणायची आणि मग ती फळीला जुळवायची, असा घोळ किनाऱ्यावर काहींनी घातला होता. मामांनी फळी आणि मोटर यांचा विचार एकत्र केला. सुताराच्या काठीवर खूण केली, ती काठी घेऊन ते दुकानात गेले. बरोबर मामीही होती आणि मी होतो.

त्या दुकानातली गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे. दुकानदाराने मोठी मोटर पुढे केली. मामांनी मामीला सांगितलं, एक बाजू उचल. मामीने पदर खोचला आणि उचलून पाहिली. दोन पावलं चालली आणि खाली ठेवली. "वाळूतसून रोज जमाचा नाय," म्हणाली. तिथेच मोठी मोटर बाद झाली. मोटर रोज होडीवरून काढून घरी आणायची होती, वाळू चढून. मामा एका बाजूला आणि मामी दुसऱ्या बाजूला. मामांना खलाशी ठेवणं परवडत नव्हतं. मग आठ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक, साधारण सत्तावीस किलोची, ती मामीने उचलली आणि मान हलवली.

मी अजूनही पंधरावर अडून होतो. मामा म्हणाले, "माका शर्यत करूची नाय. जाळ्यापर्यंत जावक व्हया नि परत येवक व्हया." पंख्याच्या बाबतीतही त्यांनी तसंच केलं. पंख्यावर दोन आकडे असतात, एक व्यासाचा आणि दुसरा पिचचा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यातून किती इंच पुढे सरकेल त्याचं माप. जास्त पिच हलक्या, धावत्या होडीला ठीक. भिजलेलं जाळं, मासळी आणि दोन माणसं असलेल्या होडीला कमी पिच लागतो, नाहीतर इंजिन पूर्ण फेरे घेऊच शकत नाही आणि दमून जातं. मामांना पिच हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी विचारलं, "भरलेल्या होडयेक खंयचो पंखो?" आणि बरोबर तोच मिळाला.

ती मोटर रॉकेलवर चालणारी होती. सुरू पेट्रोलवर करायची, तापली की रॉकेलवर घ्यायची. किनारा जवळ आला की मामा पुन्हा पेट्रोलवर घेत, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढली की इंजिन लागतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात ती थोडा वेळ चालवायची, आतलं खारं पाणी धुऊन काढायचं. त्या पिंपात पाणी विहिरीवरून मामी भरायची. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडते आहे ना, हे मामा दर वेळी बोट लावून बघत. ती धार थांबली म्हणजे इंजिनला थंड करणारं पाणी थांबलं.

वल्ही मात्र होडीतून कधी उतरली नाहीत. पुढे मी ओले एव्हिनरूडबद्दल वाचलं. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिनला वाढलेला हा यंत्रकारागीर. त्याने 1909 मध्ये आउटबोर्ड मोटर विकायला काढली आणि तिचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला. त्याची बायको बेस हिशेब आणि जाहिरात सांभाळायची. वल्हवू नका, वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. मामांनी मोटर मनापासून स्वीकारली, पण बेसबाईंचा तो सल्ला त्यांनी कधीच मानला नसता, आणि माझ्या मते बरोबर मामाच होते.

डिप्लोमा झाल्यावर मी भिलाईच्या कारखान्यात लागलो, पाण्याच्या पंपांकडे. तांदुळा धरणाचं पाणी कालव्याने मरोद्याच्या जलाशयात येतं आणि तिथून कारखान्याला. लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याला पाणी किती लागतं, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. पहिल्याच वर्षी आमच्या वरिष्ठांनी फळ्यावर एक नियम लिहिला. सेंट्रिफ्युगल पंपाचे फेरे वाढवले की पाणी त्याच प्रमाणात वाढतं, पण लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. उलट बघितलं तर फेरे वीस टक्के कमी केले की शक्ती जवळजवळ निम्मीच लागते. मी वहीत हे उतरवून घेत होतो आणि मला मामा दिसू लागले. पूर्ण वेगाने जाणाऱ्या होड्यांच्या रांगेत ते मोटर थोडी कमी करून शांत बसलेले असत. त्या कमी करण्याची मला तेव्हा लाज वाटायची.

त्या रात्री मी होडीचं गणित मांडलं. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने 1870च्या दशकात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टाकीतल्या पाण्यातून ओढून लाटांचा अभ्यास केला होता. त्यातून पुढे एक आडाखा निघाला. पाणी कापत जाणाऱ्या होडीची पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 1.34ने गुणायचं. येईल तो साधारण कमाल वेग, नॉटमध्ये. मामांच्या होडीची ही लांबी सोळा फूट धरली तर वर्गमूळ चार, म्हणजे 5.36 नॉट, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि वाढवलेली बहुतेक शक्ती लाटा करण्यात जाते. टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरावर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा लिटर इंधन खातं. पंधराची मोटर घेतली असती तर मामा रोज कितीतरी रॉकेल आणि पेट्रोल पाण्यात लाटा करायला ओतत राहिले असते. आठचीही त्यांना पूर्ण लागत नव्हती. ती जादा ताकद त्यांनी उलट्या वाऱ्यासाठी राखून ठेवली होती.

मी हे सगळं सविस्तर पत्रात लिहून पाठवलं. पंधराची मोटर घ्या असं म्हणालो ते माझं अज्ञान होतं, हेही लिहिलं. मामांचं उत्तर अंतर्देशीय पत्रावर आलं, चार ओळींचं. घरची खुशाली, मुलींची परीक्षा, आणि शेवटी, "गणित बरोबर आहे. भरती-ओहोटी कुठे धरलीस?"

मी ती धरलीच नव्हती. खाडीच्या तोंडातून ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना आत यायचं असेल, तर पाण्याचा वेग होडीच्या वेगातून वजा करावा लागतो. मामा बाहेर पडण्याची आणि परतण्याची वेळ भरती-ओहोटीवर ठरवत, आणि ते जमलं की छोटी मोटर पुरते. मोटरची निवड त्यांच्या रोजच्या वेळापत्रकाशी बांधलेली होती. तो एक प्रश्न मी नोकरीभर जपला. पंप निवडायच्या बैठकीत आकडे सगळे मांडून झाले की मी विचारायचो, हा दिवसातून कधी चालणार? पाणी सर्वांत खाली असेल तेव्हा काय होईल? रात्रपाळीला एकटा माणूस असेल तर त्याला हा उघडता येईल का? सहकाऱ्यांना मी अनुभवी वाटायचो. ते प्रश्न माझे नव्हते.

1990च्या दशकात मामांनी दुसरी मोटर घेतली. तिला लाल वेटोळी दोरी होती, एक टोक मोटरच्या बटणात आणि दुसरं मनगटात. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. बहुतेक जण ती दोरी मोटरलाच गुंडाळून ठेवत. मामा ती हातात घालूनच मोटर चालू करत. एकदा देवबागच्या तोंडावर आडवी लाट आली आणि मामा बाहेर फेकले गेले. होडी थोड्या अंतरावर थांबली. पोहत जाऊन ते परत चढले. दोरी नसती तर होडी निघून गेली असती, किंवा गोल फिरून फिरत्या पंख्यानिशी त्यांच्याच अंगावर आली असती. छोट्या मोटरी एकट्या सुटल्या की अशाच गोल फिरतात. अमेरिकेत 26 फुटांखालच्या मोटरबोटींवर ही दोरी किंवा तिचा पर्याय वापरणं 2021 पासून कायद्याने बंधनकारक झालं. मामांवर कुणाचा कायदा नव्हता. मामीने सांगितलं होतं, एवढंच.

मामा गेले तेव्हा मला सुट्टी मिळायला उशीर झाला आणि मी दहाव्यालाच पोचलो. मोटर पडवीत लाकडी घोडीवर उभी होती, तिच्यावर गोणपाट. मामीने पिंपात पाणी भरून ठेवलं होतं. म्हणाली, चालव थोडी, आत खार धरलो आसतलो. मी चालवली. धार पडते का ते बोट लावून बघितलं.

निवृत्तीनंतर एका मच्छीमार सहकारी संस्थेतली माणसं माझ्याकडे आली. तांदुळ्याच्या जलाशयात त्यांची होडी जाते, तिला मोटर घ्यायची होती, आणि कुणीतरी सांगितलं की मोहन नगरातल्या अमुक माणसाला यंत्रातलं कळतं. मी टेप घेऊन बालोदकडे गेलो. मागची फळी मोजली, तळापासून वरच्या कडेपर्यंत. पंधरा इंचाच्या जवळ आली. मग तिथल्या सर्वांत जुन्या नावाड्याजवळ बसलो. ढीमर समाजातले, माझ्याहून वयाने मोठे. मी त्यांना कका म्हणू लागलो, इकडे तसंच म्हणतात. ते म्हणाले, "मसीन बाद में, पहिली पानी ल देख." छत्तीसगढीत हे ऐकून मला क्षणभर बोलता आलं नाही.

पाणी त्यांनी मला दिवसभर दाखवलं. धरणात बुडालेल्या झाडांची खोडं कुठे आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठे नुसता गाळ उरतो, जाळी कुठे पसरतात. रोहू-कतल्याची जाळी ओढताना त्यांना मोटर नकोच होती, तिथे वल्हंच बरं. मोटर हवी होती ती फक्त लांबच्या टोकापर्यंत जाण्यासाठी आणि दुपारचा वारा उठला की परतण्यासाठी. म्हणून पाच हॉर्सपॉवरची, आखूड दांड्याची, उथळ पाण्यात तिरकी करून चालवता येणारी मोटर आम्ही ठरवली. पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची खीळ असते. पंखा खोडाला आपटला की ती खीळ तुटते आणि आतली चाकं वाचतात. तशा खिळा जादा घेऊन होडीत बांधून ठेवल्या.

मामांनी टू-स्ट्रोक घेतली होती. इथे मी फोर-स्ट्रोकचा आग्रह धरला. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा बराच हिस्सा न जळताच तेलासकट पाण्यात जातो. समुद्रात मामांना त्याची फिकीर करायला वाव नव्हता. तांदुळ्याचं पाणी शेतात जातं आणि भिलाईपर्यंत येतं. पाचची फोर-स्ट्रोक साधारण पंचवीस-सत्तावीस किलोच भरते, मामांच्या आठच्या टू-स्ट्रोकइतकी. ती आडवी ठेवताना मात्र कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच ठेवायची, नाहीतर आतलं तेल भलतीकडे जातं. हे ककांच्या नातवाला मी पुन्हा पुन्हा सांगितलं. मोटर घेण्याआधी ककांना आणि त्यांच्या सुनेला ती उचलून पाहायला लावली. होडी घेऊन त्या दोघांनाच जायचं असतं. सून म्हणाली, चलही. म्हणजे चालेल.

मामांचं उत्तर आठ होतं, इथलं पाच निघालं. प्रश्न सगळे मामा-मामींचे होते. लाल दोरी मनगटात घालण्याबद्दल मी ककांना सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच मामीसारखा वाटला.

छत्तीसगढात 16 जून ते 15 ऑगस्ट नदी-जलाशयातली मासेमारी बंद असते. मोटर उतरवून साफ करायला, तेल बदलायला आणि नवी घ्यायची असेल तर विचार करायला हे दोन महिने आहेत. तांदुळा असो, खरखरा असो की गंगरेल, ज्यांना होडीसाठी मोटर घ्यायची आहे त्यांनी अनुदानाच्या यादीतली सर्वांत मोठी मोटर डोळे झाकून घेऊ नये, आधी मला निरोप पाठवावा. मी टेप घेऊन येईन, पैसे नकोत. मात्र जो माणूस ती होडी रोज चालवतो आणि जी व्यक्ती ती मोटर त्याच्याबरोबर उचलणार आहे, ती दोघं त्या दिवशी तिथे हजर असली पाहिजेत.